क्राकूवचं मारियात्स्की चर्च नीट बघायचं असेल तर: तिकिटापासून टॉवरपर्यंत सगळं

पोलंडला फिरायला येणारे आपले बरेच लोक क्राकूवला दीड-दोन दिवस देतात, त्यात एक दिवस वावेलचा राजवाडा आणि एक दिवस विएलिच्काची मिठाची खाण नाहीतर आउशवित्झ, आणि मधे जो तासभर उरतो त्यात मेन स्क्वेअरवर जाऊन दोन उंच मनोरे असलेल्या लाल विटांच्या मारियात्स्की, म्हणजे सेंट मेरीच्या, चर्चसमोर फोटो काढायचा, जमलं तर आत डोकावायचं आणि पुढे निघायचं. माझं म्हणणं एवढंच की या एका चर्चला अख्खी सकाळ द्या. कारण हे चर्च म्हणजे एका काळात बांधून संपवलेली इमारत नाहीये, पाया तेराव्या शतकातला, भिंती आणि छत चौदाव्या-पंधराव्यातलं, भिंतींवरचे रंग एकोणिसाव्यातले आणि पुढचा दरवाजा अठराव्यातला, आणि आपण आत गेलो की हे सगळं एकदम अंगावर येतं. काय कुठल्या काळातलं हे थोडं माहीत असेल तर बघायला खरंच मजा येते, नाहीतर "खूप सुंदर, खूप सोनं" एवढंच लक्षात राहतं.

तर क्रमाने सांगतो, म्हणजे तिथे उभं राहून गूगल करायला नको.

आदल्या दिवशी काय बघून ठेवायचं

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. हे चालू चर्च आहे, म्युझियम नाही, रोज सकाळी तिथे प्रार्थना असतात म्हणून टुरिस्ट लोकांना सकाळी लवकर आत घेत नाहीत. साधारण सोमवार ते शनिवार सकाळी साडेअकराला टुरिस्टांसाठी उघडतं आणि संध्याकाळी सहापर्यंत असतं, रविवारी आणि सणांच्या दिवशी दुपारी दोननंतरच. लग्न, मोठी प्रार्थना, एखादा राष्ट्रीय कार्यक्रम असला की यात बदल होतो, त्यामुळे आदल्या रात्री चर्चच्या अधिकृत साइटवर एकदा बघून घ्याच. तिकिटाचे दर पण बदलत असतात म्हणून मी आकडा देत नाही, पण युरोपातल्या बाकी मोठ्या चर्चच्या मानाने स्वस्तच आहे. पोलंडमध्ये युरो नाही, झ्वॉटी चालतं, हे पण लक्षात असू द्या. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, तरी थोडी कॅश जवळ ठेवा.

ज्यांच्याकडे एकच रविवार आहे त्यांनी बाकीचा प्लॅन उलटा करा, सकाळी वावेल आणि दुपारी चर्च.

कपड्यांचं म्हणाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये इथे चांगलं गरम होतं आणि लोक शॉर्ट्स-स्लीव्हलेसमध्ये येतात, मग दारात पंचाईत होते. एक पातळ ओढणी किंवा स्टोल बॅगेत टाका, काम होतं. पुरुषांनी आत टोपी काढायची. बूट-चपला काढायच्या नाहीत, आई-बाबा सोबत असतील तर ते सवयीने दारात थांबून विचारतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि एक वस्तू आवर्जून घ्या, छोटी दुर्बीण. पक्षी बघायला नेतो तसली साधी चालेल. का ते पुढे कळेल.

पोचायचं कसं

एअरपोर्ट बालित्से भागात आहे, तिथून शहराच्या मुख्य स्टेशनला, म्हणजे क्राकूव ग्वुव्हनीला, थेट ट्रेन येते, साधारण वीस मिनिटं. स्टेशनपासून चर्च चालत दहा-पंधरा मिनिटं. वाटेत प्लांटी नावाचा बागेचा पट्टा लागतो, जुन्या शहराची तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडली आणि तिच्या जागी ही बाग केली. तटबंदीचा उरलेला तुकडा म्हणजे बार्बिकन आणि फ्लोरियान्स्का गेट, या गेटमधूनच आत शिरा, कारण समोरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला मारियात्स्कीचे मनोरे दिसतात आणि चालता चालता मोठे होत जातात. जुन्या काळी राजे याच रस्त्याने वावेलकडे जायचे.

सकाळी पावणेअकरापर्यंत स्क्वेअरवर पोचा. तिकिटाच्या आधी बाहेरचं बघायला तेवढा वेळ लागतोच.

आधी बाहेरून

स्क्वेअरचं नाव रिनेक ग्वुव्हनी, प्रत्येक बाजू साधारण २०० मीटर, मध्ययुगातल्या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या चौकांपैकी एक. १२५७ मध्ये शहराला नवीन सनद मिळाली आणि तेव्हा हा चौक आणि आजूबाजूचे रस्ते अगदी काटकोनात आखले गेले. आता चर्चकडे बघा, ते या चौकाला सरळ नाही, तिरकं बसलंय. कारण चर्चची जागा आखणीच्या आधीची आहे. इथलं पहिलं दगडी चर्च तेराव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप इवो ओद्रोवाँझच्या काळात उभं राहिलं, १२४१ च्या मंगोल स्वारीत ते उद्ध्वस्त झालं, आणि मग त्याच जागेवर, पूर्वेकडे तोंड करून, नवीन बांधत गेले. चौक आखणाऱ्यांनी सगळं शहर नीट केलं पण चर्च हलवलं नाही. तो तिरकेपणा बघितला की शहराचा इतिहास अर्धा कळतो असं मला नेहमी वाटतं.

मनोरे दोन आणि दोन्ही वेगळे. डावीकडचा उंच, ८० मीटरच्या आसपास, तो शहराचा मनोरा, पहारेकऱ्याचा. त्याचं टोकदार गॉथिक (मध्ययुगातली उंच, टोकदार कमानींची शैली) शिखर १४७८ चं, भोवती छोटी छोटी शिखरं आहेत आणि त्यावर जो सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट दिसतो तो १६६६ मध्ये चढवला. उजवीकडचा बुटका मनोरा घंटांचा, त्याच्यावरची टोपी रेनेसाँ काळातली. लोककथा अशी की दोन भावांनी एकेक मनोरा बांधायला घेतला, मोठ्याचा उंच झाला, धाकट्याचा पुढे जाऊ नये म्हणून त्याने भावालाच सुरीने मारलं. ती सुरी म्हणे समोरच्या सुकिएन्नित्से या जुन्या कापड बाजाराच्या बोळात टांगलेली आहे. सुरी खरंच आहे, जाऊन बघा, पण ती मध्ययुगातल्या शहराच्या कायद्याची, गुन्ह्याला काय शिक्षा होते त्याची आठवण म्हणून टांगलेली होती असं मानतात.

आता दक्षिण बाजूला या, म्हणजे चर्चकडे तोंड केलं की उजव्या हाताला. इथे एक छोटा चौक आहे, प्लाट्स मारियात्स्की, पूर्वी ही चर्चची दफनभूमी होती. इथून भिंतीकडे नीट बघा कारण खरं गॉथिक बांधकाम इथे समजतं. आपण फोटोंमधून पॅरिसचं नोत्र दाम बघितलेलं असतं, बाहेरून भिंतींना कमानीसारखे टेकू दिलेले. ते टेकू इथे नाहीत. उंच छताचं वजन भिंतींना बाहेर ढकलतं, ते कुठेतरी अडवावं लागतंच, तर फ्रान्समध्ये ते बाहेरच्या कमानींनी अडवलं आणि क्राकूवच्या गवंड्यांनी आतल्या खांबांनाच जाडजूड टेकू जोडून टाकले, जे बाजूच्या बुटक्या भागाच्या छपरातून वर येतात. ही पद्धत क्राकूवच्या चौदाव्या शतकातल्या चर्चमध्ये परत परत दिसते. शिवाय सगळं विटांचं, दगड फक्त खिडक्यांच्या चौकटी, कडा, कोरीव काम अशा ठिकाणी.

दक्षिणेच्या दाराशी भिंतीत लोखंडी कड्या बघायच्या राहू देऊ नका. पाप केलेल्या माणसाची मान त्यात अडकवून त्याला प्रार्थनेला येणाऱ्या सगळ्यांसमोर उभं करायचे. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना हेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला सेंट बार्बराचं छोटं चर्च. मध्ययुगात क्राकूवचे श्रीमंत व्यापारी बरेचसे जर्मन भाषिक होते, त्यामुळे मारियात्स्कीत प्रवचनं जर्मनमध्ये आणि पोलिश लोकांसाठी ती या छोट्या चर्चमध्ये व्हायची. १५३७ मध्ये राजा झिग्मुंट पहिला याच्या हुकमाने ही अदलाबदल झाली, पोलिश मोठ्या चर्चमध्ये आली आणि जर्मन इकडे. भाषेवरून देवळात कोणी कुठे बसायचं हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी राजापर्यंत गेला होता. सेंट बार्बराच्या दारातली गेथसेमनेच्या बागेची (अटकेच्या आधी येशूने जिथे प्रार्थना केली ती) शिल्पं पण बघा, त्यांना तिकीट नाही आणि ती आतल्या मोठ्या वेदीच्या कलाकाराच्या कार्यशाळेशी जोडली जातात.

अकराचा बिगुल

हे सगळं बघताना अकरा वाजत आले की परत मोठ्या चौकात या आणि उंच मनोऱ्याकडे मान वर करा. दर तासाला, दिवसा आणि रात्री, मनोऱ्यातून ट्रम्पेटवर एक छोटी धून वाजते, तिला हेइनाऊ म्हणतात, चार दिशांच्या चार खिडक्यांमधून चार वेळा, आणि प्रत्येक वेळी ती मधेच तुटते. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, रेकॉर्डिंग नाही, खरा माणूस. एक खिडकी वावेलच्या दिशेला, म्हणजे राजासाठी, एक चौकाकडे, एक बार्बिकनकडे आणि एक छोट्या बाजाराकडे. वाजवून झाल्यावर बरेचदा खिडकीतून हात हलवतात, तुम्ही पण हलवा.

गाइड तुम्हाला सांगणार की १२४१ मध्ये पहारेकऱ्याने मंगोल येताना बघून बिगुल वाजवला आणि बाण गळ्यात घुसल्यामुळे धून तुटली. गोष्ट छान आहे, पण आत्ताचा मनोरा तेव्हा नव्हताच, आणि क्राकूवच्या या बिगुलाचा जुना लेखी उल्लेख १३९२ चा आहे, तो पण वेशी उघडण्या-बंद करण्याच्या आणि पहाऱ्याच्या कामाशी जोडलेला. मला ती खरी गोष्ट जास्त आवडते, कारण शहराला आग लागली, शत्रू आला, पहाट झाली हे सांगायला कोणीतरी शतकानुशतकं तिथे जागं राहिलंय. १९२७ पासून दुपारी बाराचा हेइनाऊ पोलिश रेडिओवर देशभर लाइव्ह लागतो.

आणि इथे एक आपल्याकडचा धागा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोची लढाई पोलिश सैन्याने जिंकली तेव्हा डोंगरावरच्या उद्ध्वस्त मठात एका पोलिश बिगुलरने हीच धून वाजवली. ते सैन्य म्हणजे जनरल आंदेर्सचं, सोव्हिएत रशियाच्या छावण्यांमधून सुटून इराणमार्गे बाहेर पडलेले लोक. त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांच्या बायका, मुलं, म्हातारे आईवडील त्याच वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहत होते. १९४३ ते १९४८ मध्ये तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे ते यासाठीच. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणाला घेऊन गेलात तर बिगुल वाजताना त्यांना हे सांगाच.

तिकीट आणि आत जायचं दार

अकराचा हेइनाऊ झाला की लगेच तिकिटाला जा. तिकीट चर्चमध्ये मिळत नाही, दक्षिणेच्या त्या छोट्या चौकात समोरच्या इमारतीत तिकीटघर आहे. मनोऱ्यावर चढायचं असेल तर त्याचं तिकीट वेगळं, ठरलेल्या वेळेचं, आणि वर एका वेळी मोजकेच लोक सोडतात त्यामुळे उन्हाळ्यात ती लवकर संपतात, म्हणून आधी ते मागा आणि दुपारी एक-दीडनंतरची वेळ घ्या. मनोरा हवामान आणि सीझनप्रमाणे उघडा असतो, हिवाळ्यात बरेचदा बंदच.

टुरिस्टांचं दार दक्षिणेचं. चौकाकडचं मोठं दार, ज्याच्यापुढे तो नक्षीदार बरोक, म्हणजे गॉथिकच्या बऱ्याच नंतरच्या नटव्या शैलीतला, मंडप आहे (१७५० च्या सुमाराचा, म्हणजे बाकी चर्चपेक्षा बराच नवा), ते प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी आणि तिथून फुकट जाता येतं. कोणी कोणी तिकीट वाचवायला तिकडून आत जातात. प्लीज नका करू. मागच्या बाकांवर लोक खरोखर प्रार्थनेला बसलेले असतात, त्यांच्यामधे उभं राहून मोबाईल वर करणं बरं दिसत नाही. तुम्हाला मनापासून दोन मिनिटं शांत बसायचं असेल तर मात्र खुशाल जा, कोणी धर्म विचारत नाही.

आत गेल्यावर: पहिली दहा मिनिटं

साडेअकराला दार उघडलं की गर्दी सरळ पुढच्या वेदीकडे धावते कारण सगळ्यांना पुढची जागा पाहिजे असते. बाकं मिळाली तर बसा, पण बसल्या बसल्या आधी वर बघा. मधल्या भागाचं छत २८ मीटर उंच आहे, निळं, त्यावर सोनेरी तारे. आता दोन गोष्टी वेगळ्या करा. छताचा आकार, त्या टोकदार कमानी आणि एकमेकांत गुंतत जाणाऱ्या फासळ्या, हे मध्ययुगातलं काम. चर्चला आजचं रूप चौदाव्या शतकात आलं, राजा काझिमिएश थोरल्याच्या काळात, तेव्हाचा श्रीमंत व्यापारी मिकोवाय विएझिनेक याने मोठा पैसा दिला. पण निळा रंग, तारे, भिंतीभर पसरलेली नक्षी, देवदूतांच्या हातातल्या प्रार्थनेच्या ओळी हे सगळं १८८९ ते १८९१ मधलं, चित्रकार यान मातेइको याच्या आराखड्याप्रमाणे. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण पोरांमध्ये स्तानिस्वाव विस्पियान्स्की आणि युझेफ मेहोफर होते, पुढे दोघं पोलंडचे फार मोठे कलाकार झाले. मागे वळून ऑर्गनच्या वरची पश्चिमेची मोठी खिडकी बघा, तिची काच या दोघांची.

काही जण म्हणतात की या रंगकामाने जुनं चर्च झाकून टाकलं. मला तसं वाटत नाही. मातेइकोच्या काळात पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, तीन साम्राज्यांनी वाटून घेतला होता, आणि अशा वेळी शहराच्या सगळ्यात मोठ्या चर्चवर असा रंग चढवणं ही साधी सजावट नव्हती. ते त्या काळाचं म्हणून बघा, मध्ययुगाचं म्हणून नाही, म्हणजे झालं.

वेदी उघडते तेव्हा

आता ज्याच्यासाठी आलो ते. समोर प्रचंड लाकडी कपाटासारखी वेदी आहे, सुमारे १३ मीटर उंच आणि ११ मीटर रुंद. आपण आत जातो तेव्हा ती शक्यतो मिटलेली असते, आणि ती मिटलेली बघणं पण महत्त्वाचं आहे कारण बाहेरच्या बाजूला मेरी आणि येशूच्या आयुष्यातले बारा प्रसंग कोरलेत. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी वेदीची दोन्ही बाजूंची दारं उघडतात, परंपरेने एक नन येऊन लांब काठीने ती उघडते, संगीत लागतं, आणि सगळं चर्च गप्प होतं. पहाटे काकड आरतीला गाभाऱ्याचा पडदा सरतो तेव्हा जे होतं ना, तसंच.

कलाकाराचं नाव जर्मनमध्ये फाइट श्टोस, पोलिशमध्ये व्हिट स्त्वोश. न्यूरेंबर्गचं नागरिकत्व सोडून तो १४७७ मध्ये क्राकूवला आला आणि १४८९ पर्यंत, बारा वर्षं, या कामावर होता. पैसे शहरातल्या लोकांनी उभे केले, खर्च २,८०८ फ्लोरिन, शहराच्या जवळपास वर्षभराच्या बजेटएवढा. चौकट ओकची, मोठ्या मूर्ती लिंडेनच्या लाकडाच्या, सगळ्यात उंच मूर्ती २.७ मीटर. म्हणजे खालून माणसाएवढ्या वाटतात त्या खरं तर त्याहून बऱ्याच मोठ्या आहेत.

आता दुर्बीण काढा. बघायचा क्रम असा ठेवा:

मधला मोठा प्रसंग मेरीच्या मृत्यूचा. म्हातारी नाही, तरुण बाई दाखवलीय, गुडघ्यांवर कोसळतेय आणि एका शिष्याने तिला धरलंय. तिच्या डोक्याच्या वर एकाने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत पिळून धरलीत. या हातांवर थांबा. शिरा, फुगलेले सांधे, सुरकुत्या, सगळं कोरलंय. या वेदीवरच्या चेहऱ्यांवर त्वचेच्या रोगांच्या खुणा इतक्या अचूक आहेत की डॉक्टर लोकांनी त्यावर अभ्यास केलाय. श्टोसने प्रेषितांचे चेहरे क्राकूवच्या रस्त्यावरच्या माणसांवरून घेतले असं म्हणतात, आणि बघितल्यावर पटतं, कारण त्यात एकही चेहरा गुळगुळीत देवासारखा नाही.

मग वर. मेरीला येशू स्वर्गात घेऊन जातोय, आणि अगदी टोकाला, चौकटीच्या वर, तिचा राज्याभिषेक. दोन्ही बाजूंना पोलंडचे संत, स्तानिस्वाव आणि वोयचेख. हे टोक दुर्बिणीशिवाय दिसतच नाही.

मग उघडलेल्या दारांच्या आतल्या बाजू. डावीकडे वरून खाली देवदूताचा निरोप, येशूचा जन्म, तीन राजे. उजवीकडे पुनरुत्थान, स्वर्गारोहण, आणि शिष्यांवर पवित्र आत्मा उतरतो तो प्रसंग. मधल्या मूर्तींपेक्षा हे उठाव कमी खोल आहेत, त्यामुळे बाजूने प्रकाश येतो तेव्हा जास्त छान दिसतात. सगळ्यात खाली येशूचा वंशवृक्ष.

२०१५ ते २०२१ मध्ये या वेदीचं मोठं संवर्धन झालं, शतकांची काजळी आणि नंतरच्या रंगांचे थर काढले, त्यामुळे आज जे निळं आणि सोनेरी दिसतं ते जुन्या पुस्तकांतल्या फोटोंपेक्षा खूप उजळ आहे. जुना फोटो बघून आलेल्यांना आधी जरा धक्काच बसतो.

या वेदीची एक कथा अजून आहे. १९३९ मध्ये युद्ध येणार हे दिसल्यावर ती सुटी करून मूर्ती विस्तुला नदीतून बोटीने सांदोमिएश गावी लपवल्या. जर्मनांनी त्या शोधून काढल्या आणि शेवटी न्यूरेंबर्गला नेल्या, श्टोस तिथला म्हणून ती आमची, असा त्यांचा दावा. युद्धानंतर किल्ल्याखालच्या तळघरांतून ती परत मिळाली, १९४६ मध्ये क्राकूवला आली, आणि चर्चमधल्या मूळ जागेवर १९५७ मध्ये बसली. म्हणून पोलिश माणूस या वेदीसमोर उभा असतो तेव्हा तो फक्त कला बघत नसतो हे ध्यानात ठेवून आपला आवाज थोडा खाली ठेवावा.

वेदीनंतर काय सोडू नये

बारा वाजता बराच मोठा ग्रुप बाहेर पडतो. तुम्ही थांबा. वेदीच्या मागे पूर्वेकडे तीन उंच खिडक्या आहेत, त्यातल्या रंगीत काचा चौदाव्या शतकाच्या शेवटच्या, शंभरावर तुकडे अजून मूळचे. पूर्वेकडची असल्याने दुपार जितकी पुढे जाईल तितकी ती मंद होत जाते, म्हणून वेदीनंतर लगेच बघा. मग दक्षिणेच्या बाजूच्या वेदीवर श्टोसनेच केलेला दगडी क्रूस आहे, राजाच्या टांकसाळीच्या प्रमुखाने, हेन्रिक स्लाकरने, करवून घेतलेला. लाकडात मऊपणे वागणारा माणूस दगडात किती कठोर होतो ते कळतं. मला तर वेदीइतकाच हा क्रूस आवडतो आणि इथे गर्दी कधीच नसते.

दाराजवळ सेंट अँथनीचं चॅपल, मृत्युदंड झालेले कैदी शेवटची रात्र इथे काढायचे. बाकी बाजूची चॅपल चालता चालता बघितली तरी चालतील, त्यातलं बरंच काम बरोक काळातलं आहे.

फोटो काढताना फ्लॅश नको. कन्फेशनच्या लाकडी खोल्यांजवळ रेंगाळू नका, आत खरोखर कोणी असू शकतं. आणि समजा प्रार्थना चालू असताना तुम्ही मागे बसलात, तर सगळे उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकायची गरज नाही. पुढे जाऊन पाद्रींकडून भाकरीचा छोटा पातळ तुकडा घेण्यासाठी रांग लागते तिच्यात मात्र उभं राहू नका. आपल्याला वाटतं प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं, पण तो फक्त कॅथलिक श्रद्धाळूंसाठी असतो आणि तो असा कुणीही घेणं त्यांना फार लागतं. बाकावर शांत बसून राहिलात तर कोणीही वाईट वाटून घेत नाही.

मनोरा

दोनशेच्या वर पायऱ्या, काही ठिकाणी अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी खाली चौकात कॉफी घ्यावी, अगदी लहान मुलांना वर सोडत नाहीत. वर ५४ मीटरवर बिगुलवाल्यांची खोली आहे. तासाच्या ठोक्याला वर असाल तर तुमच्या शेजारी हेइनाऊ वाजेल, म्हणून तिकिटाची वेळ घेताना पूर्ण तासाच्या दहा-पंधरा मिनिटं आधीची मागून बघा, मिळाली तर सोनं. वरून सकाळी बघितलेला चर्चचा तिरकेपणा आणि रस्त्यांची काटकोनी आखणी एका नजरेत दिसते.

जेवण

दोन वाजलेले असतात, भूक लागलेली असते. चौकातली रेस्टॉरंटं महाग, दोन गल्ल्या आत गेलात की बार म्लेचनी नावाची साधी खानावळ मिळते, तिथे बटाटा आणि पांढऱ्या चीजचे पिएरोगी रुस्किए (उकडलेल्या करंज्यांसारखे), बटाट्याचे प्लात्स्की (तळलेली धिरडी), गोड नालेश्निकी (पातळ धिरड्यांच्या गुंडाळ्या) हे शाकाहारी लोकांना चालतं. पण पिएरोगीवर बरेचदा तळलेलं बेकन घालतात, ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा. सूप शक्यतो टाळा, भाजीचं दिसलं तरी खाली मटणा-चिकनचा रस्सा असतो. रस्त्यावर गाड्यांवर मिळणारं ओब्वाझानेक, म्हणजे तीळ किंवा खसखस लावलेलं गोल कडं, स्वस्त आणि पोटभरीचं.

दुपारनंतर ताकद उरली तर

बहुतेक लोक इथून वावेलच्या कॅथेड्रलला जातात, ते आहेच. पण गॉथिक बांधकाम डोक्यात ताजं असेल तर मी वेगळं सुचवेन. आधी पाच-सात मिनिटांवर फ्रान्सिस्कन चर्च, तिथे विस्पियान्स्कीची, मारियात्स्कीत मातेइकोच्या हाताखाली राबलेल्या त्याच पोराची, विश्वनिर्मिती करणाऱ्या देवाची प्रचंड काचेची खिडकी आहे. ती पश्चिमेला आहे म्हणून संध्याकाळच्या उन्हात जा.

आणि मग चालत काझिमिएश भागात, वीस-पंचवीस मिनिटं, सेंट कॅथरीनच्या चर्चला. हे पण चौदाव्या शतकातलं, काझिमिएश थोरल्यानेच सुरू केलेलं, विटांचं, आतल्या खांबांना तसेच टेकू जोडलेले. पण इथे कोणी मातेइको आला नाही, भिंती उघड्या आहेत, निळं छत नाही, तारे नाहीत. सकाळी मारियात्स्कीत रंगाखाली जी रचना शोधत होतो ती इथे सरळ समोर उभी दिसते, खांब कुठून सुरू होतो, फासळी कुठे सुटते, वजन कुठे उतरतं. दारे बंद असतील तर प्रार्थनेच्या अर्धा तास आधी परत या, तेव्हा बहुतेक उघडं असतं.